झीलकऱ्याची कादंबरी: सुपरहिरोच्या मागे उभ्या असलेल्या मुलांची गोष्ट नाशिकमध्ये कशी रचावी

माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा मी चौदा वर्षांच्या भाचीला वाचायला दिला. तीन दिवसांनी तिने वही परत केली. चाळिसाव्या पानाशी बसचं तिकीट खुणेला घातलेलं तसंच होतं. "पुढे का नाही वाचलंस?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मामा, तो मुलगा नुसता 'हो सर, हो सर' करतो. त्याला काढून टाकलं तरी गोष्ट तीच राहील."

तिचं बरोबर होतं. सुपरहिरोच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरांवर कादंबरी लिहायला बसलो होतो आणि पान-पानभर वर्णन त्या हिरोचंच चाललं होतं. पुढची दोन वर्षं मी तीच कादंबरी नव्याने लिहीत होतो. त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने देतो. मराठीत तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी फार कमी लिहिलं जातं आणि ही मुलं वाचायला तयार बसलेली आहेत, असा माझा अनुभव आहे. म्हणून हे तपशिलात.

आधी त्याला नाव द्या

इंग्रजीतला 'साइडकिक' मराठी पोरांना माहीत आहे, तो शब्द खुशाल वापरा. पण लेखक म्हणून तुमच्या मनात एक मराठी शब्द असायला हवा, कारण त्या शब्दातून पात्र घडतं. 'सहाय्यक' म्हटलं की सरकारी कचेरी डोळ्यांपुढे येते. 'चेला' म्हटलं की आखाडा. मला सापडलेला शब्द पोवाड्यातला आहे: झीलकरी.

शाहीर डफावर थाप देऊन ओळ फेकतो आणि मागे उभे असलेले झीलकरी 'जी जी रं जी' म्हणत ती उचलून धरतात. शाहिराला श्वास घ्यायला जी उसंत मिळते ती झीलकऱ्यांमुळे. लोकांची नजर शाहिरावर, पण झीलकऱ्याची नजरही शाहिरावरच असते, आणि ती सगळ्यांत जवळून असते. आज आवाज बसलाय, कुठली ओळ गाळली, कुठे हात थरथरला, हे पहिल्यांदा त्याला कळतं. 'झील ओढणे' हा वाक्प्रचार आपण हांजी हांजी करण्यासाठीही वापरतो. तुमच्या कादंबरीचा सगळा प्रवास या एका शब्दात आहे: झील ओढणारं पोर सुरुवातीला, आणि शाहिराचा आवाज फुटतो त्या रात्री ओळ स्वतः उचलणारं पोर शेवटी.

नाशिककराला तर हे वेगळं सांगायला नको. आख्यायिकेप्रमाणे शूर्पणखेचं नाक कापलं लक्ष्मणाने आणि त्यावरून गावाला नासिक नाव पडलं. म्हणजे शहराचं नाव धाकट्या भावाच्या कृतीवरून, आणि पंचवटीतलं मोठं देऊळ मात्र काळारामाचं. या गोष्टीवर थोडा वेळ थांबून विचार करा. धाकट्याच्या मनात काय असेल?

हा प्रकार आला कुठून, तेवढं जाणून घ्या

फार अभ्यासाची गरज नाही, पण चार टप्पे ठाऊक असावेत. बॅटमॅन १९३९ चा, रॉबिन १९४० चा. रॉबिनला आणण्यामागचं एक कारण अगदी कारागिरीचं होतं: एकट्या नायकाला बोलायला कुणीतरी हवं होतं. शिवाय वाचणाऱ्या पोरांना आपल्या वयाचं कुणी चित्रात दिसलं. पुढच्याच वर्षी कॅप्टन अमेरिकेच्या जोडीला बकी आला आणि मग ती पद्धतच पडली. १९६२ मध्ये स्पायडर-मॅन आला. तो शाळकरी मुलगा होता आणि कुणाच्याच हाताखाली नव्हता. १९६४ मध्ये तीन वेगवेगळ्या नायकांचे साथीदार, रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड, नायकांना बाजूला ठेवून एकत्र आले. टीन टायटन्सची सुरुवात तिथली.

चौथा टप्पा मला अजून अस्वस्थ करतो. १९८८ मध्ये दुसऱ्या रॉबिनला, म्हणजे जेसन टॉडला, जगवायचं की मारायचं यासाठी वाचकांकडून फोनवर मतं मागवली गेली. मारा म्हणणारी ५,३४३ आणि जगवा म्हणणारी ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. साथीदाराच्या जिवाची किंमत काय, हा प्रश्न या प्रकाराच्या पोटात आहे तो असा. तुमच्या कादंबरीत कुणी दगावणार असेल, तर हिरोला राग यावा एवढ्यासाठी पोराला मारू नका. त्या पोराची आई कोण, त्याचं दप्तर कुठे आहे, परीक्षेला त्याच्या बाकावर कोण बसलं, हे सगळं लिहायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

पोराला काय माहीत आहे, जे हिरोला माहीत नाही?

कथानक, खलनायक, पोशाख यांच्याआधी या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहून भिंतीवर चिकटवा. उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. माझे दोन महिने यात गेले, आणि ते वाया गेले असं मला वाटत नाही.

माझा ओंकार पंधरा वर्षांचा. सिडकोत राहतो, दहावीला आहे. त्याच्या आजीचं रामकुंडाजवळ पूजासाहित्याचं छोटं दुकान. लहानपणापासून सुट्ट्या तिथेच गेल्यामुळे घाटाची कुठली पायरी कुठे खचली आहे, कुठल्या बोळातून कुठे निघता येतं, हे त्याच्या पायांना पाठ आहे. तो जिच्याबरोबर काम करतो तिला वर्तमानपत्रं विद्युल्लता म्हणतात, ओंकार ताई म्हणतो. ती चौतीस वर्षांची, दिवसा अंबडच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगला. वीज तिच्या हातात खेळते. पण ती नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेली, तिला घाट माहीत नाही. भिंतीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'ओंकारला पायऱ्या माहीत आहेत.' पूर्ण कादंबरी त्या चिठ्ठीवर उभी राहिली.

शक्ती थोडी द्या, आणि तिचं बिल फाडा

साथीदाराची शक्ती हिरोच्या शक्तीची छोटी आवृत्ती असेल तर तो कायम दुय्यम वाटतो. वेगळ्या जातीची, अपुरी शक्ती द्या. ओंकारला वीज हाताळता येत नाही, पण ती कुठे वाहते आहे ते त्याला जाणवतं: भिंतीतल्या वायरी, चालू फ्रीज, माणसाच्या खिशातला मोबाइल. तेसुद्धा ताई वीस पावलांच्या आत असेल तेव्हाच. आणि नंतर तासभर कान वाजत राहतात, वर्गात बाईंनी हाक मारलेली ऐकू येत नाही.

एका कागदावर चार गोष्टी लिहा: काय करता येतं, किती अंतरावर, किती वेळ, आणि नंतर शरीराला काय भोगावं लागतं. नंतर कितीही अडलं तरी हा कागद बदलायचा नाही. वाचणारी पोरं या बाबतीत फार कडक असतात. सातव्या प्रकरणात वीस पावलं सांगितली आणि तिसाव्यात पन्नास झाली, तर ती तुम्हाला सोडत नाहीत.

या नियमांमधूनच शेवट सापडतो. पूर आला की खबरदारी म्हणून वीज बंद करतात. वीज गेली की ताई रिकामी आणि ओंकारची जाणीवही रिकामी. उरतं काय? पायऱ्या.

शहर नकाशावर मांडा, पावलांनी मोजा

'महानगर' नावाचं कुठलंतरी चकाचक शहर कल्पून लिहू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात तेच होतं, आणि तिथे पोराला चहा कुठे मिळतो हे मलाच सांगता येत नव्हतं. नाशिक घ्या आणि अंतरं खरी ठेवा. नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी नऊ-दहा किलोमीटर. मधे द्वारका चौक. संध्याकाळी तिथे काय होतं ते प्रत्येक नाशिककर जाणतो. तुमचा हिरो उडत जाईल, पोरगं कशाने जाणार? गिअर नसलेल्या ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, बाकीच्यांचा अठराव्या. म्हणजे ओंकार सायकलवर किंवा सिटीलिंकच्या बसमध्ये. घाईच्या प्रसंगी सुट्टे पैसे शोधणारं पोर हा या प्रकारातला सगळ्यांत जिवंत क्षण असू शकतो.

जागा निवडताना 'पाहण्यासारखी' जागा नको, जिला काही काम आहे अशी जागा घ्या. दोन उदाहरणं देतो.

पहिलं, रहाड. नाशिकची रंगपंचमी रहाडींची. पंचवटीत शनी चौक, जुन्या नाशकात तिवंधा अशा ठिकाणी पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद रस्त्याखाली आहेत. वर्षभर ते बुजवलेले असतात. रंगपंचमीच्या आधी उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि माणसं त्यात उड्या घेतात. मग पुन्हा माती पडते आणि वरून गाड्या जातात. वर्षातून एकदा उघडणारी जागा, खाली काय आहे हे विसरून वरून जाणारं गाव. काही लपवायचं असेल तर याहून चांगली जागा कुठली? आणि ते परत मिळवायला वर्षभर थांबावं लागेल, म्हणजे कथेला मुदतही आपोआप मिळाली.

दुसरं, दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावर माणसं या मूर्तीकडे बघत उभी राहतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. धरणाचे आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात, पण गाव पूर मोजतं ते मारुतीच्या अंगावर. आणि नारोशंकराच्या देवळाची घंटा बुडाली म्हणजे महापूर, हे घरोघरी माहीत. भीती चढत्या क्रमाने दाखवायची पट्टी शहराने तयार करून ठेवली आहे. माझ्या शेवटच्या सात प्रकरणांना मी क्रमांक दिलेच नाहीत, 'गुडघा', 'कंबर', 'छाती' अशी नावं दिली. सराफ बाजारात दुकानदार माल माडीवर चढवतात, भांडी बाजारात दोरखंड बांधतात, या हालचाली दर प्रकरणात एकेक येतात. त्यासाठी एका जुलैच्या पावसात दोन दिवस घाटावर उभं राहून टिपणं काढली होती. तुम्हीही काढा. गुगल नकाशावर पाण्याचा वास कळत नाही.

घर, शाळा, आणि कायदा

किशोरवयीन कादंबरीत घरापासून गुप्तता कशी ठेवायची हा प्रश्न वाचकाला खलनायकाइतकाच महत्त्वाचा असतो. पोराचं आठवड्याचं वेळापत्रक खरंच आखा: शाळा, क्लास, प्रवास, जेवण, झोप. मग त्यात गस्त कुठे बसते ते बघा. बसत नाही. जिथे बसत नाही तिथे खोटं बोलावं लागतं, आणि प्रत्येक खोट्याला एक साक्षीदार असतो. क्लासच्या सरांचा घरी फोन येतो, वॉचमन दोनदा बघतो, आईला ओले बूट दिसतात. नववी-दहावीच्या घरात पोराच्या तासा-तासाचा हिशेब असतो, त्यामुळे इथे ताण कृत्रिमपणे आणावा लागत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला या प्रकारातल्या गोष्टींमध्ये फारशी भेटली नाही. आपल्याकडे १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर, थोडे अपवाद वगळता, बंदी आहे, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. मग छपरावरून उड्या मारणाऱ्या हिरोने पंधरा वर्षांचं पोर बरोबर घेणं हे काय आहे? कादंबरीतल्या कुणीतरी मोठ्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझ्याकडे तो शाळेतल्या चित्रकलेच्या बाई विचारतात. ओंकारच्या हातावरचा भाजल्याचा डाग बघून त्या त्याला १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर वहीच्या कोपऱ्यात लिहून देतात, एक शब्दही न विचारता. ओंकार तो कोपरा फाडत नाही. पुढे तो नंबर तो लावतो का, हे मी इथे सांगत नाही. पण तो वहीत असल्यामुळे ताई वाचकाच्या नजरेत पहिल्यासारखी राहत नाही, आणि तेच हवं होतं. हिरो वाईट नको, पण पोराला धोक्यात घालण्याचं तिचं कारण तिलाही पुरतं पटलेलं नसावं.

प्रसंग लिहिताना

पहिल्या खर्ड्यातला एक तुकडा:

'ओंकारने मुठी आवळल्या. त्याच्या डोळ्यांत अंगार फुलला. "मी कुणालाही घाबरत नाही!" तो गरजला आणि वादळासारखा पुढे झेपावला.'

हे पोरगं कुठेही सापडणार नाही. तोच प्रसंग झीलकऱ्याच्या जागेवरून, म्हणजे एक पाऊल मागून, लिहिला तेव्हा असा झाला:

'ताईंनी एकच हातमोजा काढला, तेव्हाच ओंकारला कळलं की आज त्या थकल्या आहेत. एरवी त्या दोन्ही काढायच्या.

"किती?"

"तीन मोबाइल. एक चार्जिंगला लावलाय, म्हणून दोघंच असतील. तिसरा कुणी असला आणि त्याच्याकडे फोन नसला, तर मला नाही कळणार."

"म्हणजे आहे की नाही?"

"नाही माहीत, ताई."

त्या चिडतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी नुसती पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि जिन्याकडे बोट दाखवलं. बाटली थरथरत होती. ती कुणाच्या हाताने, हे त्याने बघितलं नाही.'

ओंकार इथे एकही धाडसाचं काम करत नाही. तरी वाचक त्याच्या बाजूला उभा राहतो, कारण जे त्याला दिसतं ते आणखी कुणाला दिसत नाही. आता तुमच्या खर्ड्यात जिथे जिथे 'गरजला', 'झेपावला', 'अंगार' आलं असेल तिथे खूण करा आणि विचारा: या क्षणी पोराने हिरोबद्दल काय टिपलं?

'तुम्ही' की 'तू'

हे हत्यार आजच्या इंग्रजीत नाही, आपल्या भाषेत आहे, ते वाया घालवू नका. पोर हिरोला काय म्हणतं? सर, ताई, काका, दादा? आणि त्यापुढे 'तुम्ही' की 'तू'? माझ्याकडे बत्तीस प्रकरणं ओंकार 'ताई, तुम्ही' म्हणतो. 'कंबर' या प्रकरणात, अंधारात, पाण्यात, ती चुकीच्या पायरीकडे वळते तेव्हा तो ओरडतो, "तिकडे नको, ताई, माझ्यामागे ये!" कुणीच त्यावर काही बोलत नाही. झीलकऱ्याने ओळ उचलली ती तिथे. हे एक क्रियापद मिळावं म्हणून बत्तीस प्रकरणं शिस्तीत 'तुम्ही' सांभाळावं लागलं. दोनदा चुकून 'तू' पडला होता, तो मुद्रितशोधनात सापडला.

पोरांची आपसातली भाषा मात्र मोकळी सोडा. मोबाइल, रील, सबमिशन हे शब्द काढून 'भ्रमणध्वनी' घालू नका. पण आजचा चलनी शब्द दोन वर्षांत शिळा होतो. तो जपून, एखाद्याच पात्राच्या तोंडी.

टोळी

एकटा साथीदार असला की गोष्ट पुन्हा हिरोकडे घसरते. वेगवेगळ्या हिरोंच्या हाताखालची तीन-चार पोरं एकत्र आणा. चारच्या वर नको, संवादात कोण बोलतंय ते कळत नाही. सगळी एकाच सोसायटीतली नसावीत: एक सातपूरच्या कामगार वस्तीतली, एक देवळाली कॅम्पातल्या लष्करी घरातला, एक निफाडहून रोज एसटीने येणारी, जिच्या घरी द्राक्षाची बाग आहे आणि गारपिटीच्या रात्री जिला गस्तीला येता येत नाही. एकत्र येऊन त्यांनी आपापल्या हिरोंबद्दल बोलावं. कामगार चहाच्या टपरीवर मालकाबद्दल बोलतात तसं. माझ्या कादंबरीतली सगळ्यांत आवडती प्रकरणं हीच आहेत.

लांबी आणि शेवटची हातघाई

छोटी प्रकरणं, हजार ते पंधराशे शब्दांची, पस्तीस-चाळीस. ओळखीच्या नायकांची नावं, चिन्हं, पोशाख उसने घेऊ नका; त्यावर मालकी हक्क असतात. लिखाण युनिकोडमध्ये करा, म्हणजे पुढे फाँट बदलताना जोडाक्षरं तुटत नाहीत. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

छापण्याआधी मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, मोठ्यांना नव्हे. पाच-सहा जण पुरे. हातात पेन्सिल ठेवा आणि कुणी पाय हलवला, कुणी खिडकीबाहेर बघितलं, त्या ओळीवर टिंब द्या. चर्चा नंतर. "आवडलं का?" हा प्रश्न विचारूच नका, "पुढे काय होईल?" विचारा. उत्तर देताना ती हिरोचं नाव आधी घेतात की पोराचं, तेवढं ऐका.

दुसरा खर्डा मी भाचीला असाच वाचून दाखवला, चार रविवार लागले. शेवटचं प्रकरण संपलं, पूर ओसरला, ओंकार आणि ताई घाटावर गाळात उभे. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, एवढ्या सगळ्यात आजीच्या दुकानातलं सामान कुणी हलवलं?" मी ते विसरलो होतो. त्या रात्री बसून 'गुडघा' आणि 'कंबर' यांच्या मधे आणखी एक प्रकरण लिहिलं. त्यात आजी एकटीच कापराचे डबे आणि वातींची पाकिटं पदरात बांधून माडीवर नेते, आणि खाली उतरताना वाहत्या पाण्यात एक पायरी पायाने चाचपून बघते.